खुब्याच्या ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिप रिप्लेसमेंट करायचं ठरलंय पण तारीख मिळालेली नाही, किंवा मिळालीय आणि सारखी पुढे सरकतेय, अशा लोकांसाठी हे पान आहे. मी फिजिओथेरपिस्ट. ऑपरेशनआधी स्नायूंची ताकद वाढवायला म्हणून ही माणसं आमच्याकडे पाठवली जातात आणि व्यायाम करता करता बोलतात. खालचे प्रश्न त्यांचेच आहेत, बहुतेक त्यांच्याच शब्दांत. औषधाचा डोस आणि ऑपरेशन कधी करायचं हे मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

दुखतोय गुडघा आणि डॉक्टर म्हणतात खुबा बदला. हे कसं काय?

खुब्याचं दुखणं बहुधा जांघेत असतं आणि तिथून मांडीच्या पुढच्या बाजूने गुडघ्यापर्यंत उतरतं. खुब्याला आणि गुडघ्याला संवेदना देणाऱ्या काही नसा एकच असल्यामुळे मूळ कुठे आणि कळ कुठे, याची गल्लत होते. पेशंटची पिशवी उघडली की वरती गुडघ्याचे एक्स-रे, त्याखाली कमरेचा एमआरआय, 'मणक्यात गॅप आहे' म्हणून दिलेला पट्टा, आणि सगळ्यांत शेवटी खुब्याचा एक साधा एक्स-रे. तो आधी काढला असता तर वर्षभराची पायपीट वाचली असती. ही पहिली प्रतीक्षा कुठल्याच यादीत मोजली जात नाही.

घरच्या घरी कळणाऱ्या खुणा अशा: मांडी घालता येत नाही, मोजा चढवता येत नाही, पायाची नखं दुसऱ्याकडून कापून घ्यावी लागतात, गाडीवर टांग टाकताना जांघेत कळ येते. याउलट, कमरेखाली मागच्या बाजूला हात ठेवून 'इथे खुबा दुखतो' म्हणणाऱ्यांचं दुखणं बऱ्याचदा मणक्यातून आलेलं असतं.

माझं वय चौतीस. हे म्हाताऱ्या माणसांचं ऑपरेशन ना?

युरोप-अमेरिकेत हे ऑपरेशन मुख्यतः उतारवयातल्या झिजेसाठी होतं. आपल्याकडच्या ओपीडीत चित्र निराळं आहे. तिशी-चाळिशीतले पुरुष मोठ्या संख्येने असतात आणि त्यांच्या कागदावर लिहिलेलं असतं 'एव्हीएन'. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, आतलं हाड मरतं आणि काही काळाने गोळा दबून चपटा होतो. पेशंट याला 'बॉल सुकला' म्हणतात, आणि ते फारसं चुकीचं नाही.

कारणं बरीच आहेत. दारू आणि स्टेरॉइड ही दोन ठळक. कोविडच्या लाटांमध्ये, विशेषतः २०२१ मध्ये, ज्यांना स्टेरॉइड दिली गेली त्यांच्यातले काही जण नंतर याच तक्रारीने आले. ज्या औषधाने जीव वाचवला त्याला दोष देण्यात अर्थ नाही, पण जांघेतलं दुखणं अंगावर काढू नये. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल (रक्ताचा एक आनुवंशिक आजार) असलेल्या तरुण मुलामुलींचे खुबे याच पद्धतीने जातात. सिकलसेल असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा. भूल, पाणी, ऑक्सिजन, रक्त या सगळ्याची आखणी त्यावरून बदलते. पाठ आखडण्याचा संधिवात, लहानपणी झालेला सांध्याचा क्षयरोग, न जुळलेलं जुनं फ्रॅक्चर ही आणखी काही कारणं. कधी कधी सगळं तपासूनही कारण सापडत नाही.

एक गोष्ट इथे ठासून सांगतो. एव्हीएनच्या सुरुवातीच्या अवस्थेत, गोळा दबायच्या आधी, हाडात छिद्र पाडून दाब कमी करण्याचं छोटं ऑपरेशन करता येतं. लोक त्याला ड्रिलिंग म्हणतात. त्याने मूळ सांधा काही वर्षं तरी वाचण्याची शक्यता असते. गोळा दबल्यावर त्याचा उपयोग नाही. म्हणजे सांधा बदलण्यासाठी थांबणं बऱ्याचदा परवडतं. एव्हीएनच्या संशयावर सांगितलेल्या एमआरआयसाठी थांबणं परवडत नाही. आणि एका बाजूला निघालं तर दुसरी बाजूही त्याच एमआरआयमध्ये बघून घ्या, दोन्हीकडे असणं नेहमीचं आहे.

तारीख सारखी पुढे का जाते? आम्हाला कोणी काही सांगतच नाही.

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यांत रागाने विचारला जाणारा प्रश्न. दुखण्याची सवय होते, गोळ्यांचीही होते. पण 'पुढच्या मंगळवारी या' हे ऐकून रजा टाकून, कोणाला तरी सोबत घेऊन यायचं आणि पुन्हा 'पुढच्या मंगळवारी' ऐकून परत जायचं, याची सवय होत नाही. लातूरकडचा एक टेम्पोचालक म्हणाला, "सर, नाही म्हणाले असते तरी चाललं असतं. नक्की सांगा एवढंच."

सरकारी रुग्णालयात अस्थिरोग विभागाची युनिटं असतात. प्रत्येक युनिटचे ओपीडीचे दिवस ठरलेले, ऑपरेशन थिएटरचे दिवस ठरलेले. तुमची केस ज्या युनिटकडे, त्याच्याच थिएटरच्या दिवशी तुमचा नंबर. त्या दिवशी पहाटे महामार्गावर अपघात झाला की उघडी फ्रॅक्चर आधी घेतली जातात. तुमचं ऑपरेशन 'थांबू शकणाऱ्यां'च्या रांगेत असल्यामुळे धक्का तुम्हालाच बसतो. यात कोणाची लबाडी नसते, पण ते कोणी समजावून सांगत नाही ही तक्रार मात्र शंभर टक्के खरी.

दुसरं कारण कागदाचं. सरकारी आरोग्य योजनेतून ऑपरेशन असेल तर आधी ऑनलाइन मंजुरी लागते. त्यात 'क्वेरी' लागली, म्हणजे एखादा एक्स-रे पुन्हा मागितला किंवा रेशन कार्डावरचं नाव आधारशी जुळलं नाही, की फाइल थांबते. तिसरं, इम्प्लांट. तुमच्या मापाचा सांधा पुरवठादाराकडून यायचा असतो. चौथं, भुलीच्या डॉक्टरांचा 'फिटनेस'. साखर, हिमोग्लोबिन, रक्तदाब यांपैकी काही अडलं की तारीख गेली. शिवाय तपासण्या जुन्या झाल्या तर पुन्हा कराव्या लागतात, त्यामुळे एक उशीर दुसऱ्याला जन्म देतो. पाचवं, रक्त किंवा आयसीयूतला बेड हाताशी नसणं.

म्हणून 'तारीख कधी?' असं मोघम विचारू नका. विचारा: "माझी फाइल नेमकी कशासाठी थांबली आहे? मंजुरी, इम्प्लांट, फिटनेस, रक्त की नंबर?" याचं उत्तर निवासी डॉक्टरला देता येतं, कारण त्याला ते माहीत असतं. मोघम तारखेचं उत्तर त्याच्याकडेही नसतं. मिळालेलं उत्तर केस पेपरच्या मागे तारखेसह लिहून ठेवा. निवासी डॉक्टर बदलत राहतात. पुढच्या वेळी समोर दुसराच असेल, तेव्हा गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागत नाही. निघण्याआधी युनिटचा किंवा वॉर्डचा फोन नंबर मागून घ्या आणि आदल्या दिवशी फोन करूनच गाडी पकडा. प्रत्येक ठिकाणी फोन उचलतात असं म्हणणार नाही.

योजनेत बसतं का?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत खुबा बदलण्याचं ऑपरेशन आहे. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१७ मध्ये सध्याच्या नावाने आली. २०२३ च्या शासन निर्णयाने कुटुंबाला वर्षाला मिळणारं संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेलं आणि पिवळ्या-केशरीबरोबर पांढऱ्या रेशन कार्डाचे दरवाजेही उघडले. त्यामुळे 'आमचं कार्ड पांढरं, आम्हाला कुठलं मिळतंय' असं ठरवून घरी बसू नका.

योजनेच्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल असतं. डॉक्टरांच्या आधी तिथे जा. रेशन कार्ड, आधार, आणि दोन्हीकडे नावाचं स्पेलिंग एकच आहे का एवढं घरून बघून निघा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांची फाइल इथेच सर्वांत जास्त अडते. योजनेतलं प्रत्येक रुग्णालय प्रत्येक ऑपरेशन करत नाही, म्हणून 'तुम्ही योजनेत आहात का' असं न विचारता 'योजनेतून हिप करता का, आणि अंदाजे किती दिवसांनी' असं विचारा. हेल्पलाइन १५५३८८ आणि १८००२३३२२००.

योजनेतून झालं नाही तरी दोन वाटा आहेत. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला उत्पन्नाचा दाखला घेऊन भेटा. दुसरी वाट मुख्यमंत्री सहायता निधीची. त्यातून पूर्ण खर्च निघत नाही, थोडा हातभार लागतो, आणि पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात. अर्ज ऑपरेशनआधी, खर्चाचं अंदाजपत्रक जोडून करायचा. बिल भरून झाल्यावर धावपळ करणारे दर महिन्याला भेटतात.

गोव्यातल्यांसाठी बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) आणि दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना.

कर्ज काढून खासगीत करून टाकू का?

माझं मत विचारलंत म्हणून सांगतो. कमावता माणूस घरी बसलाय, मजुरी बुडतेय आणि सरकारी रांग वर्षाची आहे, तर हिशेब मांडून बघा: बुडणारी मजुरी एका बाजूला, कर्जाचं व्याज दुसऱ्या बाजूला. काही घरांत खासगीचं गणित खरंच जमतं. पण सावकाराकडून किंवा शेत गहाण टाकून करू नका. आधी योजनेतल्या दोन-तीन वेगळ्या रुग्णालयांत चौकशी करा. मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयातली रांग लांब असते आणि तालुक्याजवळच्या योजनेतल्या रुग्णालयात तेच ऑपरेशन लवकर होतं, असं अनेकदा दिसतं. फक्त तिथे खुब्याची ऑपरेशनं नियमित होतात का, हे विचारायला लाजू नका.

थांबल्यामुळे ऑपरेशन अवघड होईल का?

थोडंफार. दुखरा पाय वापरला जात नाही म्हणून मांडीचा आणि कुल्ह्याचा स्नायू बारीक होतो. सांधा आखडतो, पाय आखूड वाटू लागतो, लंगडण्याने कंबर आणि दुसरा गुडघा बोलायला लागतो. ऑपरेशननंतर पुन्हा नीट चालायला लागणारा वेळ यावर बराच ठरतो. म्हणून 'ऑपरेशन झाल्यावरच व्यायाम सुरू करू' हे काही खरं नाही.

पलंगावर झोपून टाच सरकवत गुडघा वाकवणं, मांडी आवळून पाच मोजणं, कुल्हे आवळणं, खुर्चीचा आधार घेऊन पाय बाजूला नेणं. एवढं दिवसातून दोनदा. दुखऱ्या पायाबरोबर चांगल्या पायाचंही करा, ऑपरेशननंतरही काही काळ जास्त भार त्याच्यावर येणार आहे. आणि हातांचंही, कारण वॉकर हातांनीच चालवायचा असतो. व्यायामानंतर थोडं ठणकणं चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ठणका राहिला तर तेवढं कमी करा.

गोळ्या किती दिवस खायच्या?

डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या महिनोन्‌महिने दुकानातून आणून खाल्ल्या तर पोट आणि किडनी दोन्ही धोक्यात येतात. रक्तदाब आणि मधुमेह असलेल्यांना जास्तच. गंमत म्हणजे किडनीचा रिपोर्ट बिघडला की भुलीचे डॉक्टर ऑपरेशन थांबवतात, आणि ऑपरेशन थांबलं म्हणून माणूस आणखी गोळ्या खातो.

पॅरासिटामॉल त्या मानाने सुरक्षित, पण त्यालाही मर्यादा आहे. धडधाकट माणसाला चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर नाहीच, आणि वजन कमी असेल, दारू असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर त्याहून बरंच कमी. फसगत कुठे होते बघा: ॲसिक्लोफेनॅकच्या ज्या गोळीच्या नावापुढे 'पी' असतो तिच्यात पॅरासिटामॉल आधीच घातलेलं असतं. ती दोनदा आणि वर अंग दुखतं म्हणून साधी ६५० ची तीनदा घेतली, की पहिल्या गोळीतलं पॅरासिटामॉल मोजायचं राहून जातं.

सर्वांत वाईट म्हणजे पुड्या. 'अमुक गावात एक जण देतो, दोन दिवसांत माणूस पळायला लागतो.' अशा बिननावाच्या काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, म्हणूनच तो 'पळायला' लागतो. ज्या स्टेरॉइडने एव्हीएन होतं तेच आपण पुन्हा पोटात ढकलत असतो. घेत असाल तर डॉक्टरांना सांगा आणि स्वतःहून एकदम बंदही करू नका. बरेच दिवस चाललेलं स्टेरॉइड अचानक तोडलं तर ऑपरेशनमध्ये रक्तदाब कोसळू शकतो.

सांध्यात इंजेक्शन घ्यायचं असेल तर आधी ऑपरेशनचा अंदाज विचारा. स्टेरॉइडच्या इंजेक्शननंतर तीन महिन्यांच्या आत सांधा बदलला तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून सर्जन तेवढं अंतर ठेवतात.

काठी कोणत्या हातात धरायची?

चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. दहातले आठ जण उलट धरतात. एका पायावर उभं राहताना त्या खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच ते तीनपट भार येतो, कारण कुल्ह्याच्या स्नायूला शरीर तोलून धरायला जोर लावावा लागतो. विरुद्ध हातातली काठी तो तोल सांभाळते आणि स्नायूचं काम हलकं होतं. उंची मनगटाच्या रेषेपर्यंत, खाली रबराचं बूच. फरशीवर घसरणारी बिनबुचाची काठी नसलेली बरी.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी. एसटीची पहिली पायरी उंच असते, तिथेही हेच. रिक्षात आधी पाठमोरं बसायचं, मग दोन्ही पाय आत घ्यायचे. सीटवर प्लास्टिकची पिशवी ठेवली तर वळणं सोपं जातं.

संडासाचं काय करायचं?

हा प्रश्न पुरुष तिसऱ्या भेटीत विचारतात आणि बायका बहुधा विचारतच नाहीत, सुनेकडून विचारवतात. उकिडवं बसता येत नाही, घरात भारतीय पद्धतीचा संडास, तोही कधी कधी सार्वजनिक. परिणाम असा की माणूस जेवण कमी करतो, पाणी तोडतो, बद्धकोष्ठ होतं, मूळव्याध होते. एका काकूंनी संध्याकाळनंतर पाणी पिणंच सोडलं होतं. लघवीत जंतू झाले, ताप आला आणि मिळालेली तारीख त्यापायी गेली.

घडीची कमोड खुर्ची सर्जिकलच्या दुकानात मिळते, भाड्यानेही मिळते. भारतीय भांड्यावर ठेवायचं स्टँडही मिळतं. काही घरी प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून काम भागवतात. ते चालेल, पण खुर्ची हात असलेली घ्या आणि भोकाच्या कडा तासून त्यावर जाड कापडी पट्टी गुंडाळा. भोक पाडलेली खुर्ची जड माणसाच्या वजनाने मधोमध फाटते, म्हणून दोन खुर्च्या एकात एक घालून मगच भोक पाडतात. बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा खाली राहिले पाहिजेत. भिंतीला एक दांडा ठोकून घ्या. हा खर्च वाया जात नाही. ऑपरेशननंतरही काही आठवडे उकिडवं बसणं, खाली मांडी घालणं बंदच असतं, आणि पुष्कळ सर्जन ते कायमचं टाळायला सांगतात. पंगतीला खाली बसणं सुटलं याचं वाईट वाटतं लोकांना, अगदी डोळ्यांत पाणी येतं. वाटू द्या.

रात्री झोप लागत नाही.

चांगल्या कुशीवर झोपून दोन गुडघ्यांमध्ये जाड उशी. जमिनीवरची गादी सोडा, उठताना जीव जातो. रात्रीची गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारून बदलून घ्या. अनेक जण सकाळ-दुपार खाऊन मोकळे होतात आणि रात्र कोरडी काढतात.

घरचे म्हणतात, 'एवढं काय दुखतंय? बसून बसून आळशी झालास.'

खुब्याचं दुखणं दिसत नाही. प्लास्टर नाही, टाके नाहीत. दिवसभर माणूस खुर्चीत बरा दिसतो आणि उठताना वेडंवाकडं तोंड करतो. तरुण पुरुषांमध्ये दारूवरून टोमणे येतात, मग एव्हीएन दारूने झालेलं असो वा नसो. मी एक करतो: पुढच्या भेटीला टोमणे मारणाऱ्यालाच सोबत बोलावतो आणि एक्स-रे उजेडासमोर धरून दोन्ही गोळे दाखवतो, एक गोल, एक दबलेला. त्यानंतर घरातली भाषा सहसा बदलते.

मन खचत असेल, काही करावंसं वाटत नसेल, जगण्याचा कंटाळा आल्याचं मनात येत असेल तर ते डॉक्टरांना सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

नवरा-बायकोचे संबंध ठेवता येतात का?

येतात. ज्या स्थितीत खुबा फार वाकत किंवा फाकत नाही ती निवडायची. ऑपरेशननंतर किती दिवसांनी, हे सर्जनला सरळ विचारा. त्यांना यात नवीन काही नाही.

दिव्यांग प्रमाणपत्र मिळेल का?

अर्ज करता येतो, यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या) संकेतस्थळावरून. सवलतींसाठी साधारणपणे ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व लागतं. मात्र ऑपरेशन ठरलेलं असेल तर बोर्ड तात्पुरतं प्रमाणपत्र देतं किंवा 'उपचार झाल्यावर या' म्हणतं. एवढ्या दुखण्यात त्या रांगेत उभं राहायचं का, हे ज्याने त्याने ठरवावं.

सगळं जमलं होतं, आदल्या दिवशी रद्द केलं. का?

बहुतेक वेळा अशा गोष्टीपायी, जी महिनाभर आधी निस्तरता आली असती. माझ्या अनुभवात पहिला मान जांघेतल्या गजकर्णाचा. घाम, जाड कपडे, आणि मेडिकलमधून आणलेली स्टेरॉइड मिसळलेली मलमं. ऑपरेशनचा छेद तिथून वीतभर अंतरावर असतो, त्यामुळे सर्जन हात लावत नाहीत. कपडे काढून तपासणी होते ती आदल्या दिवशी, म्हणून तेव्हाच कळतं. लाजेने लपवू नका, त्वचारोग ओपीडीत आधीच दाखवा. बरं व्हायला काही आठवडे लागतात.

मग किडलेला, पू धरलेला दात. टाचेच्या भेगा, नखाचा पू, पायावरची जखम. लघवीची जळजळ. नव्या सांध्यावर जंतू बसले तर ते काढणं फार कठीण, कधी सांधाच बाहेर काढावा लागतो, म्हणून ही काटेकोरता.

मधुमेहींची तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) बहुतेक ठिकाणी साडेसात-आठ टक्क्यांच्या आत मागतात. हिमोग्लोबिन कमी असेल तर लोहाच्या गोळ्या आजपासून, आदल्या आठवड्यात नव्हे. विडी-सिगारेट किमान चार आठवडे आधी सोडायची. आणि गुटखा: वर्षानुवर्षं खाल्ल्याने तोंड उघडायचंच बंद होतं, तीन बोटंही आत जात नाहीत, मग भुलीच्या डॉक्टरांना नळी घालायची वेळ आली तर घालणार कुठून? कमरेतून भूल देणार असले तरी ते हे तपासतात.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, संधिवाताची औषधं, यांतलं काय थांबवायचं आणि काय चालू ठेवायचं हे लेखी घ्या. स्टेंट बसवलेल्या माणसाने शेजाऱ्याच्या सल्ल्याने गोळी बंद करणं जिवावर बेतू शकतं.

नवीन खुबा किती वर्षं टिकतो? लवकर केला तर लवकर खराब होईल ना?

आजच्या पद्धतीचं ऑपरेशन इंग्लंडमध्ये सर्जन जॉन चार्न्ली यांनी १९६२ मध्ये सुरू केलं, तेव्हापासूनच्या नोंदी आहेत. २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार सुमारे ५८ टक्के खुबे २५ वर्षं टिकतात. तरुण वयात बसवला तर आयुष्यात पुन्हा एकदा बदलावा लागण्याची शक्यता धरून चालावं. पण त्या भीतीने पस्तिशी ते पंचेचाळिशी, म्हणजे कमावण्याची आणि पोरं वाढवण्याची वर्षं, खुर्चीत घालवायची का? मला ते पटत नाही.

सिमेंटचा की बिनसिमेंटचा, सिरॅमिक की धातू, हे वय आणि हाड बघून सर्जन ठरवतात. तुम्ही एवढंच करा: बसवलेल्या सांध्याचे स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून मागा.

लंडनला माझा भाऊ म्हणतो तिकडेही थांबावं लागतं. खरं का?

खरं. तिथल्या सरकारी सेवेत १८ आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असा दंडक आहे आणि तो बरीच वर्षं पाळला गेलेला नाही. फरक इतकाच की भावाला निदान तो आकडा दाखवून भांडता येतं.

तारखेची वाट न बघता लगेच कधी जायचं?

पडल्यानंतर पाय टेकवताच येत नसेल किंवा पाय आखूड होऊन बाहेर वळला असेल तर ते फ्रॅक्चर असू शकतं. त्याला रांग नसते, त्याच दिवशी दाखल व्हा. थंडी वाजून ताप आणि सांधा जराही हलवता न येणं, पिंढरी एकदम सुजून दुखणं, शौचाच्या काळ्या रंगाबरोबर चक्कर, लघवी-शौचावरचा ताबा जाणं किंवा जांघेभोवती बधिरपणा: थेट तातडीच्या विभागात.

तारीख आली. काय न्यायचं?

सगळे एक्स-रे, अगदी जुनेही. चालू गोळ्या पाकिटांसकट. रेशन कार्ड आणि आधार, मूळ आणि तीन-तीन झेरॉक्स. वॉकर आधीच घेऊन तुमच्या उंचीला लावून ठेवा, ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी उभं करतात आणि तेव्हा नातेवाईक दुकान शोधत फिरतात. मागून बंद असलेली, न घसरणारी चप्पल. बायकांनी गाऊन, पुरुषांनी सैल लुंगी किंवा बर्म्युडा. सोबतीला रात्री थांबणारं एक आणि दिवसा येणारं एक माणूस. पायावर वस्तरा घरी फिरवू नका, बारीक कापतं आणि त्यातून जंतू शिरतात. केस काढायचे असतील तर तिथेच मशीनने काढतात.

निघण्याआधी घरी एवढं करून ठेवा: पलंगाखाली विटा किंवा लाकडी ठोकळे घालून उंची वाढवा, वाटेतली पायपुसणी उचला, आणि कमोड खुर्ची एकदा बसून बघा.